मुनिरका: उमेदवारीचं गाव

दिल्लीत इंटर्नशिप करायला निघालेल्या मराठी मुलाची पहिली अडचण काम ही नसते, खोली ही असते. निवड झाल्याचं कळतं तेव्हा हातात जेमतेम आठ-दहा दिवस उरलेले असतात आणि ओळखीचं ना पाळखीचं अशा शहरात दोन महिन्यांपुरतं छप्पर शोधायचं असतं. दोन महिन्यांसाठी घर कोण देणार? मालकाला अकरा महिन्यांचा करार हवा, दलालाला त्याची दलाली हवी. अशा वेळी कुणीतरी सांगतं, मुनिरक्याला जा, तिथं आपल्याकडचं कुणी ना कुणी भेटेल. आणि बहुतेकदा भेटतंही.

मुनिरका हे दक्षिण दिल्लीच्या पोटात राहिलेलं खेडं. टोकस आडनावाच्या जाटांचं. आसपासची सरकारी वसाहत, विद्यापीठ, डीडीएचे फ्लॅट ज्या जमिनींवर उभे राहिले, त्यांत या गावची शेतं होती. शेतं गेली, गावठाण राहिलं. मग टोकसांनी गावठाणातच मजल्यावर मजले चढवले आणि भाडेकरू ठेवले. आज गल्लीत शिरलं की वर आभाळाऐवजी विजेच्या तारांचं जाळं दिसतं, समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून हात मिळवता येतो, आणि एका जिन्यावर मणिपुरी, मल्याळी, भोजपुरी आणि मराठी अशा चार भाषा ऐकू येतात. या बाजूला हे गाव, आणि पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, म्हणजे जेएनयूची, हिरवी टेकाडं.

नकाशा जरा नीट पाहिला तर हे गाव विद्यार्थ्यांचं का झालं ते उमगतं. जेएनयू चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच परिसरात अरुणा असफ अली मार्गावर भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे आयआयएमसी. त्याच रस्त्यावर राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था, वनस्पती जीनोम संशोधन संस्था, जैवतंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र आयसीजीईबी आणि कणत्वरक असलेलं आंतरविद्यापीठ केंद्र आययूएसी. मुनिरक्यातच राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था. बेर सरायच्या पुढं कटवारिया सरायला लागून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं दिल्ली केंद्र, आणि मेट्रोनं दोन स्थानकं गेलं की आयआयटी. २०१८ च्या मे महिन्यात मॅजेंटा मार्गिका इथं आली, तेव्हापासून तिसऱ्या स्थानकावर, हौज खासला, गाडी बदलली की उत्तरेला केंद्रीय सचिवालय आणि दक्षिणेला गुरुग्राम. गाडी न बदलता तसंच बसून राहिलं तर नोएडा. म्हणजे मंत्रालयं, कंपन्या आणि वृत्तवाहिन्या या तिन्ही दिशा एका तिकिटात. शिवाय जेएनयूच्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची ६१५ नंबरची बस आहेच.

आपल्याकडच्या मुलांच्या दृष्टीनं आणखी एक गंमत. जेएनयूतल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. गंगा, झेलम, साबरमती यांच्या ओळीत गोदावरी आहे, तापी 'ताप्ती' होऊन आली आहे, कोयना आहे आणि चंद्रभागासुद्धा आहे. पंढरपूरकडून आलेल्या मुलाला चंद्रभागेत जागा मिळणं हा निव्वळ योगायोग असतो, पण घरी फोनवर सांगायला बरा असतो. ज्यांना कुठल्याच नदीत जागा मिळत नाही ते मुनिरक्यात येतात.

या लेखाचा विषय मात्र खोली नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला, ज्याचा काका-मामा कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर नाही अशा मुलाला, इंटर्नशिप मिळते कशी, हा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं. मुनिरका-जेएनयूच्या पट्ट्यात फिरलं की वेगळंच चित्र दिसतं. मोबाइलवर जाहिरात दिसते. काम मिळतं ते विभागाच्या कार्यालयातून, गुरुजनांच्या पत्रातून आणि दोन वर्षं पुढं असलेल्या सिनिअरच्या तोंडून.

आधी प्लेसमेंट सेलबद्दल, कारण सगळे तिथंच धावतात. आयआयटीचं हे खातं भक्कम असतं. तिथं उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची धांदल आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातच सुरू होते आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांची अर्धी झोप त्यात जाते. जेएनयूतही प्रशिक्षण व रोजगार कक्ष आहे, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची नवी विद्यालयं २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून त्याची गरजही वाढली. पण प्लेसमेंट सेल ही मुळात कंपन्यांच्या सोयीसाठी घडलेली व्यवस्था आहे. कंपनी येते, परीक्षा घेते, मुलं उचलते. इतिहास, समाजशास्त्र, मराठी किंवा वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याला उचलायला कुणी गाडी घेऊन येत नाही. त्यानं सेलच्या दारात वर्षभर बसून राहण्यात अर्थ नाही. त्या कार्यालयाकडून त्यानं घ्यावं ते तीन गोष्टींपुरतं: आपला सीव्ही कुणाकडून तरी तपासून घेणं, मागच्या चार-पाच वर्षांत आपल्या विषयाची मुलं कुठं कुठं गेली ती यादी पाहणं, आणि महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र. हे शेवटचं, ज्याला सगळेच 'एनओसी' म्हणतात, फार महत्त्वाचं. अनेक सरकारी कार्यालयं त्यावाचून मुलाला आत घेत नाहीत, आणि आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत ते कोणी द्यायचं हेच ठरलेलं नसतं. प्राचार्य म्हणतात विभागप्रमुखांकडे जा, विभागप्रमुख म्हणतात कार्यालयात जा, कार्यालयातले म्हणतात नमुना आणा. तेवढ्यात मुदत टळते.

दिल्ली विद्यापीठानं याबाबतीत एक बरी गोष्ट केली. कुलगुरू इंटर्नशिप योजना नावाची योजना काढून विद्यापीठाच्या स्वतःच्याच विभागांत आणि कार्यालयांत मुलांना कामाला घेतलं. सुरुवातीला उन्हाळ्यात महिन्याला १०,५०० रुपये आणि एरवी अर्धवेळ कामाला ५,२५० दिले. विद्यापीठात काम भरपूर असतं: ग्रंथालयाची नोंदणी, परीक्षा विभागाची आकडेमोड, संकेतस्थळ, जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग. बाहेर धडपडण्याआधी विद्यापीठानं आपल्याच घरात मुलाला काम द्यावं, ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका'चा धडा घालून दिला, तो १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात रुजला, आणि पुढं राज्यातल्या विद्यापीठांनी तो उचलला. पुणे विद्यापीठाच्या आवारात सकाळी झाडांना पाणी घालणारी, विभागांत फायली लावणारी मुलं या योजनेतलीच असतात. माझी तक्रार एवढीच की आपण ही योजना गरिबांना मदत म्हणून चालवली, शिक्षण म्हणून फारशी नाही. ज्याला अर्थशास्त्रात गती आहे त्याला लेखा विभागात आणि जी संगणक शिकते तिला संगणक केंद्रात बसवलं असतं, तर हीच आपली इंटर्नशिप झाली असती आणि मुलांच्या सीव्हीवर ती अभिमानानं आली असती.

विज्ञानाच्या मुलांचा मार्ग त्यामानानं सरळ आहे, पण त्याच्या किल्ल्या प्राध्यापकांच्या खिशात असतात. अरुणा असफ अली मार्गावरच्या ज्या संस्था वर सांगितल्या, त्यांच्या प्रयोगशाळांत उन्हाळ्यात किंवा शेवटच्या सत्रात बाहेरची मुलं येतात. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, राहण्या-खाण्याला विद्यावेतन. अर्ज मागवले जातात ते साधारण दिवाळीच्या आसपास, आणि अर्जासोबत शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा पदवीच्या मुलांसाठीचा उपक्रम २००४ पासून आहे. पुण्यात आयुका उन्हाळ्यात मुलांना बोलावते, टीआयएफआरचाही असा कार्यक्रम आहे. म्हणजे परभणी किंवा नंदुरबारच्या बीएस्सीच्या मुलीला दिल्लीपर्यंत यायचीही गरज नाही. गरज आहे ती एका शिक्षकाची, जो तिला ऑक्टोबरात सांगेल की अर्ज कर, आणि दोन ओळींचं नव्हे तर पानभर पत्र लिहील.

हे शिफारसपत्र म्हणजे आपल्याकडची दुखरी नस. 'सदर विद्यार्थिनी होतकरू, कष्टाळू व सुशील असून तिच्या भावी आयुष्यास शुभेच्छा' असं पत्र आपले प्राध्यापक मनापासून लिहितात. त्याचा इंग्रजी अनुवादही तसाच होतो. वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला सुशीलपणाशी काही देणंघेणं नसतं. या मुलीनं कुठला प्रयोग केला, तो फसल्यावर तिनं काय केलं, कुठला प्रश्न स्वतःहून विचारला, हे त्याला हवं असतं. जेएनयूतल्या मुलांना याचा फायदा मिळतो, कारण तिथं प्रत्येक अभ्यासक्रमात निबंध लिहावे लागतात, ते शिक्षक वाचतात आणि त्यावर चर्चा होते. वर्षभरानंतर त्या शिक्षकाकडे लिहायला मजकूर असतो. आपल्याकडे ऐंशी-शंभरच्या वर्गात बसलेल्या मुलाचं नावही सरांना ठाऊक नसतं. त्याला पत्र हवं असेल तर त्यानं आधी सहा महिने सरांच्या टेबलाशी जाऊन शंका विचारायला हव्यात. लाजून चालत नाही.

आता सरकारी दारांकडे वळू, कारण दिल्लीत येण्याचं खरं आकर्षण ते. नीती आयोग दर महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत इंटर्नशिपचे अर्ज घेतो. काम किमान सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने. मानधन शून्य. परराष्ट्र मंत्रालयाचं धोरण वेगळं आणि जास्त न्याय्य आहे: वर्षातून दोन सत्रं, महिना १०,००० रुपये, जाण्यायेण्याच्या खर्चाची सोय, आणि जागा राज्यांत वाटलेल्या. त्यातही 'आकांक्षित', म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांतल्या मुलांना झुकतं माप. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. नंदुरबारच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाला परराष्ट्र मंत्रालयाचा हा रस्ता मुंबईच्या मुलापेक्षा थोडा सोपा आहे, हे त्याच्या महाविद्यालयातल्या कुणी त्याला सांगितलं आहे का?

रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप हे तर उत्तम काम. पदव्युत्तर किंवा पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमातल्या, अखेरच्या आधीच्या वर्षात असलेल्या मुलांसाठी ती असते. अर्थशास्त्र, वित्त, वाणिज्य, कायदा, व्यवस्थापन असे विषय. देशभरातून १२५ जागा, महिना २०,००० रुपये, अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर. मुदत अशी नेमकी दिवाळीच्या सुट्टीवर येते आणि अर्ज महाविद्यालयामार्फत जातो. सुट्टीत कार्यालय बंद. पुढचं सांगायला नको.

आणि संसद. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ असे ६७ खासदार दिल्लीत आहेत. प्रत्येकाला मदतनीस लागतो. प्रश्न विचारायचा तर किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, ती नेमक्या शब्दांत, एका मंत्रालयाच्या कक्षेत बसेल अशी. मतदारसंघातून येणारी निवेदनं मराठीत असतात, कांद्याच्या निर्यातबंदीबद्दल, कापसाच्या खरेदी केंद्राबद्दल, रखडलेल्या रेल्वेमार्गाबद्दल. त्यातलं सार काढून त्याचा इंग्रजी किंवा हिंदीत प्रश्न करणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते दिल्लीच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला जमत नाही, लासलगावच्या आसपास वाढलेल्या मुलाला जमतं. हे बळ आपल्या हाती आहे हे या मुलांना ठाऊकच नसतं. पीआरएस या संस्थेची 'लॅम्प' ही फेलोशिप २०१० पासून तरुण पदवीधरांना वर्षभरासाठी एकेका खासदारासोबत जोडून देते. तिच्यासाठी देशभर चुरस असते. पण खासदाराच्या कार्यालयात थेट विचारणा करून अधिवेशनापुरतं काम मागायला कुणाची बंदी नाही. आपल्या जिल्ह्याचा खासदार असेल तर विचारणं आणखी सोपं.

भाषेचंच बोलायचं तर जेएनयूतली परदेशी भाषांची मुलं या बाबतीत सगळ्यांत हुशार. फ्रेंच, स्पॅनिश, जपानी शिकणारी मुलं दुसऱ्या वर्षापासून कमवायला लागतात. दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, परदेशी दालनांना दुभाषे लागतात, आणि ती मागणी भाषा विभागाच्या फलकावर, शिक्षकांच्या ओळखीतून किंवा सिनिअरमार्फत येते. एकदा काम चोख केलं की पुढच्या वर्षी तीच माणसं बोलावतात. मराठीचं असं काही होईल का? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ च्या फेब्रुवारीत तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत साहित्य संमेलन झालं, आणि त्याच वर्षी जुलैत जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावानं मराठी भाषा, साहित्य व संस्कृतीचं विशेष केंद्र सुरू झालं. समारंभ झाले, छान झाले. आता त्या केंद्राकडून एक साधी अपेक्षा आहे. संसदेची भाषांतरं, न्यायालयांचे निकाल, भाषातंत्रज्ञानाचे प्रकल्प यांना मराठी जाणणारी माणसं हवी आहेत. केंद्रानं दर उन्हाळ्यात दहा मुलांना जरी पगारी उमेदवारी मिळवून दिली, तरी अभिजात दर्जाचा एक प्रत्यक्ष उपयोग झाला म्हणता येईल.

मुनिरक्यात खोली मिळते ती साधारणपणे अशी. मे महिन्यात कुणी घरी जायला निघतो, त्याची खाट दोन महिने रिकामी राहणार असते. तो आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या ज्युनिअरला सांगतो, ये, भाडं तू भर. खोलीबरोबर ज्युनिअरला मेसचा पत्ता मिळतो, कुठल्या मंत्रालयाच्या कुठल्या फाटकावर पास बनतो ते कळतं, कुठला अधिकारी मुलांना खरोखर काम देतो आणि कुठला नुसता बसवून ठेवतो तेही कळतं. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत नसते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघ असतो. नॅक समितीच्या भेटीआधी त्याची सभा होते, समूहछायाचित्र निघतं, आणि पुढच्या भेटीपर्यंत तो झोपतो. त्या छायाचित्रातली किती माणसं दिल्ली, बंगळूर, पुण्यात आहेत, याची साधी वही एखाद्या प्राध्यापकानं ठेवली तर तिचं मोल संगणकीकृत प्लेसमेंट सेलपेक्षा जास्त होईल.

आता पैशाकडे येऊ, कारण घोडं तिथंच अडतं.

नीती आयोगाचं काम कितीही मोलाचं असो, सहा आठवडे दिल्लीत बिनपगारी राहायचं तर खोली, वीज, मेस आणि मेट्रो यांचा खर्च घरून यायला हवा. ज्याच्या घरून तो येतो त्याला अनुभव मिळतो, अनुभवाच्या जोरावर पुढची निवड होते. ज्याच्या घरून येत नाही तो सुट्टीत गावी जाऊन शेतात किंवा दुकानात राबतो, आणि सीव्हीवर त्या रकान्यात काही नसतं. गुणवत्तेची स्पर्धा म्हणून जी दाखवली जाते ती पुष्कळदा भाड्याची स्पर्धा असते. हा रोग फक्त आपला नाही. २०१५ मध्ये डेव्हिड हाइड नावाचा न्यूझीलंडचा तरुण जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी इंटर्न होता आणि तळ्याकाठी तंबू ठोकून राहत होता. ते छापून आल्यावर जगभर गवगवा झाला. अमेरिकेच्या व्हाइट हाउसनं आपल्या इंटर्नना पैसे द्यायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा लांबलेल्या इंटर्नशिपला मोबदला देणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

आपल्याकडे कायदा आहे, पण तो शिकाऊ उमेदवारांसाठी. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम कारखान्यांपासून कार्यालयांपर्यंत लागू होतो, आणि २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० ठरवलं. इंटर्न म्हणून घेतलेल्याला असं कुठलंच किमान नाही. त्यामुळं पदवी झालेल्या मुलानं 'नॅट्स' या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत नाव नोंदवलेलं बरं. पश्चिम विभागाचं तिचं मंडळ मुंबईत आहे. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा पगारी कर्मचाऱ्यांपुरता नाही. प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही त्यात येतात, आणि तक्रार समितीपुढं जाण्याचा हक्क दोन महिन्यांच्या इंटर्नलाही आहे.

सरकारनं मोठी योजना काढली नाही असं नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली: पाच वर्षांत एक कोटी तरुण, देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, वर्षभराचं काम, महिना ५,००० रुपये. पहिल्या फेरीत ऐंशी हजारांहून अधिक देकार दिले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांहून कमी. आश्चर्य नाही. पाच हजारांत परगावी राहून दाखवा. त्याच सुमारास महाराष्ट्रानं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. दोन्ही योजनांतली ग्यानबाची मेख एकच: शिक्षण चालू असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला त्यांत प्रवेश नाही. म्हणजे ज्याच्या बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आहे, त्याला या दोन्ही योजनांचा काडीचा उपयोग नाही.

अभ्यासक्रमात ती आली आहे, हे विसरून चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप आहे, आणि महाराष्ट्रात नव्या धोरणानुसार एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचं 'ओजेटी', म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, बसवलं आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी एमए मराठी करणाऱ्या पंचवीस मुलांनी १२० तासांसाठी जायचं कुठं? सहकारी बँक, ग्रामपंचायत, एखादं साप्ताहिक, सार्वजनिक वाचनालय. तिथं मुलं घेतात, कारण नाही म्हणवत नाही, आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही करून देतात. काही ठिकाणी मुलं एकदाच जातात, प्रमाणपत्र आणायला. असं असलं तरी मी वाचनालयाला कमी लेखणार नाही. शंभर वर्षं जुन्या ग्रंथालयात जीर्ण झालेले अंक कॅटलॉग करणारा मुलगा दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या दारात उभा राहिला तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. मात्र त्या १२० तासांत काय केलं याची दोन पानं त्यानं स्वतः लिहिलेली हवीत. महाविद्यालयानं छापील नमुना भरून घेतला तर ती दोन पानंही जातात.

या गडबडीत एक धंदा फोफावला आहे. 'घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह', शुल्क अमुक. मुलगा पैसे भरतो, काही चित्रफिती पाहतो, आणि रंगीत प्रमाणपत्र घेतो. निवड करणाऱ्या माणसाला ती प्रमाणपत्रं लांबूनच ओळखू येतात. जो कामाचे पैसे देण्याऐवजी तुमच्याकडूनच मागतो, त्याच्याकडे जाऊ नये. मग त्यानं लेटरहेडवर कितीही सिंह छापलेले असोत.

पत्र कसं लिहावं, हे मुनिरक्यात सिनिअर ज्युनिअरला चहाच्या टपरीवर शिकवतो ते इथं सांगून टाकतो. ज्याला लिहायचं त्याचं काम आधी वाचावं. संशोधक असेल तर त्याचा एखादा लेख, संस्था असेल तर तिचा शेवटचा अहवाल. पहिल्या दोन ओळींत आपण कोण आणि कुठल्या वर्षाला आहोत. पुढच्या तीनमध्ये त्यांच्या कुठल्या कामाशी आपला काय संबंध. शेवटी कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहोत. सोबत एका पानाचा सीव्ही. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट' अशी सुरुवात नको. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करून द्यावी. वीस पत्रांतून दोन उत्तरं आली तरी काम झालं. दोनांतलं एकच पुरे असतं.

राज्य सरकारकडे मात्र एक मागणी आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत राहणाऱ्या मुलांना विद्यावेतन देतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या परीक्षेत निवडले जातात हजारांत एखाद-दोन. दोन महिन्यांच्या बिनपगारी सरकारी इंटर्नशिपसाठी निवड झालेल्या मराठी मुलाला महिना दहा हजार रुपये आणि दिल्लीत एक खाट दिली, तर खर्च त्या मानानं किरकोळ आहे. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपला एक वर्षाचा कामाचा अनुभव मागायचा आणि तो अनुभव घ्यायला मुलाला काहीच मदत करायची नाही, हे जुळत नाही. कस्तुरबा गांधी मार्गावर आपलं नवं महाराष्ट्र सदन आहे, कोपर्निकस मार्गावर जुनं आहे. उन्हाळ्यात दहा-वीस खोल्या या मुलांसाठी राखून ठेवायला कुठल्या मोठ्या धोरणाची गरज नाही, एका शासन निर्णयाची आहे.

आणि घरात तिसऱ्या वर्षाला किंवा एमएच्या पहिल्या वर्षाला मूल असेल तर तुमच्यासाठी एक काम. सुट्टी संपून महाविद्यालय उघडेल त्या दिवशी त्याला विभागप्रमुखांकडे पाठवा, ना-हरकत पत्राचा नमुना घेऊन. एमएवाल्यांसाठीचे रिझर्व्ह बँकेचे अर्ज १५ डिसेंबरला बंद होतात.